गॅस नाही, हे कारण चालणार नाही

राजापेठ, अमरावती

प्रिय नगमा,

सलाम, जयभीम आणि त्यांच्या पाठोपाठ माझा राग, तिन्ही एकदमच घे. गेल्या आठवड्यात शाकीबचा फोन आला. तुझा मुलगा बोलतो गोड, त्यात वाद नाही. म्हणाला, "खाला, अम्मी म्हणून राहिली, गॅस तं कुठंच भेटत नाई, मंग गाडीत सैपाक कशावर करसान? इकून टाका गाडी. ओमप्रकाशभाऊले शाळेच्या पोरांची ने-आण कराले पाह्यजे. तो पुढच्या रविवारी येते, दोघींच्या सह्या लागतीन." मी म्हटलं, अम्मीला दे. तर अम्मी नमाज पढत होती. संध्याकाळी केला तर अम्मीचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी अम्मी न्हाणीघरात होती. अगं, तीस वर्षं आपण दोघींनी एका वॉर्डात काढली. डॉक्टरांना नातेवाइकांसमोर यायचं नसलं की "साहेब राउंडवर आहेत" हे तू आणि मीच सांगायचो. ती विद्या माझ्यावरच चालवतेस होय? म्हणून कागद घेतला. फोन शाकीबच्या हातात असतो, पण तुझ्या नावाचं पाकीट तो फोडणार नाही, एवढे संस्कार तू त्याच्यावर केलेस.

आधी गाडीचं बोलू. ती जुनी ॲम्ब्युलन्स एका ट्रस्टच्या आवारात चिंचेखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आपण रिटायर होऊन महिनाही झाला नव्हता. तू तिच्याभोवती फेरी मारलीस, मागचं दार उघडलंस, आत डोकं घालून हुंगलंस आणि म्हणालीस, "डेटॉल का बास अब्बी बी है. अपनीच है ये." तशी दोघींच्या नावावर ती घेतली आपण. तुझे हुसेनभाई तेव्हा होते. दोन बायकांच्या खुळाला हसत हसत त्यांनीच स्ट्रेचर काढून दोन बाकं बसवून दिली, सलाईनच्या हुकाला कंदील टांगला, आणि सिलिंडर हलू नये म्हणून पट्टा लावून दिला. फक्त बाहेरची "रुग्णवाहिका" ही अक्षरं खरवडायची राहून गेली. राहू देऊ म्हणालो, लोक रस्ता तरी देतील. तुला समुद्र बघायचा होता, मला अजिंठा. पण मला खरं आठवतं ते तुझं दुसरंच मागणं. तू म्हणालीस, "मेरेकू एक सुबे ऐसी होना के चाय मेरे हाथ में आए, और मैं उठूं नई." सासर, माहेर आणि ड्युटी यांच्यापलीकडे तू कधी कुठे झोपली नाहीस, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती गाडी माझ्या लेखी त्या एका चहासाठी आहे.

ईद झाली की निघायचं, हे तुझ्याच तोंडचं ठरलेलं. आणि ईद यायला अन् गॅस जायला एकच गाठ पडली. इथेही तेच हाल आहेत. घरचा सिलिंडर नंबर लावूनही येत नाही, मग आपल्या गाडीतल्या पाच किलोच्या पिटुकल्याला कोण विचारतो? मी एजन्सीत गेले. तिथल्या पोरीने मान वर न करता विचारलं, छोटा सिलिंडर कशासाठी पाहिजे. म्हटलं, फिरायला जायचंय. तेव्हा तिने मान वर केली. मागून एक गृहस्थ बोलले, "लोकायच्या घरी चूल पेटून नाई राहिली आन् मावशीले सैर कराची हाय." मी वळून म्हटलं, भाऊ, तुमचा गॅस मला नकोच आहे, आणि सैर तर मी करणारच. रांग सोडून बाहेर आले. रागाच्या भरात बोलले खरी, पण राजापेठेच्या चौकात येईपर्यंत माझं मला पटलं होतं. तो फोनवरचा, गाडीतच राहून फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे ना, त्यावर सगळे मोठमोठ्या गाड्यांचे धनी रडत बसलेत. एकाने इंडक्शन लावलं तर बॅटरी बसली, एकाने सहल पुढच्या वर्षावर टाकली, एक तर हॉटेलात उतरतो आणि गाडी खाली पार्किंगला लावतो. हसावं की रडावं. तुझ्यामाझ्या आयांनी गॅस बघितला तो म्हातारपणी. त्या काय तोवर उपाशी होत्या?

म्हणून मी तुझ्या आधी एकटीनेच परीक्षा घ्यायची ठरवली. गाडी काढली आणि भातकुलीला आमच्या चुलतभावाच्या, जानरावच्या वावरात नेऊन उभी केली. कपाशी उपटून पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडलेले होते, आयतं सरपण. तीन दगड मांडले, पऱ्हाटी लावली. पहिला चहा उतू गेला आणि दुसऱ्याच्या आधी जाळ संपला, कारण पऱ्हाटी भडकते झटकन आणि विझतेही झटकन, हे लहानपणी माहीत होतं आणि गॅसपायी विसरले होते. जानरावची बायको, दुर्गावहिनी, बांधावर उभी राहून पोट धरून हसली. "बाई, ते काई बटन हाय का? तुऱ्हाट्या लाव खाली, पऱ्हाटी वरतून." तुरीच्या काटक्या खाली घातल्यावर तिसरा चहा असा झाला की तू असतीस तर खुशीने माझ्या पाठीत धपाटा घातला असतास. भाताला उकळी आली की भांडं उतरवून आपल्या त्या लाल ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. नाइट ड्युटीला हीटरवर आपण हेच करायचो, आठवतं? तासाभराने उघडलं तर शीत न् शीत फुललेलं. सकाळी कच्चा चिवडा, कांदा, तेल, तिखट, मीठ, त्याला काडीसुद्धा ओढावी लागत नाही. आणि संध्याकाळी मी कणकेचे जाडजूड रोडगे लावले.

इथे माझी फजिती झाली ती ऐक, आणि ऐकताना हसू आलं तर दाबू नकोस. वारा जोराचा होता म्हणून मी गवऱ्या गाडीच्या मागच्या दाराच्या आडोशाला रचल्या. पेटवल्या. रोडगे निखाऱ्यात पुरले, राख ओढली, आणि वांगी चिरायला गाडीत जाऊन बसले. धूर सगळा गाडीत शिरून खिडक्यांतून बाहेर पडायला लागला. मी डोळे पुसत वांगी चिरतेय. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय दिसलं असेल, सांग. वावरात उभी ॲम्ब्युलन्स, धूर सुटलेला, आणि आत एक म्हातारी रडतेय. आरडाओरडा झाला. जानरावच बादली घेऊन सगळ्यात पुढे, त्याच्या मागे रस्त्यावरचे पाच-सहा जण. "पेशंट आंदर हाय, पेशंट आंदर हाय" करत त्यांनी मला उचलून बाहेर काढलं आणि बादल्या ओतल्या त्या नेमक्या रोडग्यांवर. एकजण तर मला आडवी झोपवून वारा घालायला लागला. मी ओरडले, की मले काई नाई झालं, माये रोडगे बुडवले तुमी. मग जानराव राखेत बोट घालून म्हणाला, "खालचे बचले हायेत." आणि हसण्याचा असा काही स्फोट झाला की बैलसुद्धा वळून बघायला लागला.

वाचलेले रोडगे पुरून उरले, कारण रोडगे काही एकीपुरते लावता येत नाहीत, एवढा मोठा जाळ एका पोटासाठी कोण करतो? हाताला सवय असल्यामुळे मी कणीकच पंगतीची मळली होती. त्या सगळ्यांनी वरण-वांग्याशी हाणले. रांगेतल्या त्या गृहस्थाला कुणी तरी हे जाऊन सांगायला हवं.

म्हणजे बघ, चहा झाला, भात झाला, रोडगे झाले. पाऊस आला तर फुटाणे आहेत, लाह्या आहेत, गूळ-शेंगदाणे आहेत. कोकणात पऱ्हाटी मिळणार नाही, नारळाच्या झावळ्या मिळतील. गॅसचं कारण मी चुलीत घातलं, नगमा. आता तुझ्याकडे काय उरलं?

उरलं ते मला ठाऊक आहे, आणि मी ते तुझ्या तोंडून ऐकण्याआधी स्वतःच बोलून टाकते. हुसेनभाई गेल्यापासून तू उंबऱ्याबाहेर पडतेस ती दवाखान्याला नाहीतर मय्यताला. शाकीब वाईट नाही. त्याचा बाप एका सकाळी बोलता बोलता गेला, आता आई डोळ्यांआड झाली की त्याचा जीव टांगणीला लागतो. मोहल्ल्यातल्या बायका म्हणणार, नवरा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत तो हिला हौस सुचली. म्हणू देत. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने त्या गाडीत तुझं बाक बसवलं, त्यावर तू झोपलीस तर त्याचा अपमान होतो की दुसरं कुणी बसल्याने? जळीत वॉर्डात ज्यांच्याकडे बघायला त्यांचे घरचे धजत नव्हते, त्यांच्या उशाशी तू रात्र रात्र बसलीस. आणि आज जिन्याच्या चार पायऱ्या उतरायला घाबरतेस, आणि वर नाव घेतेस बिचाऱ्या सिलिंडरचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. भातकुलीहून मी लगेच राजापेठेला परत आले नाही. मूर्तिजापूरवरून सरळ अकोल्याला, तुझ्याकडे निघाले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. वर तुझ्या खिडकीत ओढणी वाळत होती. एजन्सीत मी रांगेला उत्तर दिलं, वावरात सात बाप्यांना झापलं, आणि तुझा जिना काही माझ्याने चढवला नाही. शाकीब नाही म्हणाला तर मी त्याच्याशी भांडेन, मोहल्ला नाही म्हणाला तर मोहल्ल्याशी. पण दार उघडून तूच नाही म्हणालीस तर माझ्याकडे भांडायला कुणी उरत नाही, आणि तू सोडून माझं आहे तरी कोण? तशीच वळले आणि घरी आले. ही भीती आहे, तिला मी दुसरं नाव देत नाही. पण येत्या रविवारी मी परत येणार, ओमप्रकाशच्या आधी, आणि या वेळी जिना चढणार. गॅस नाही हे उत्तर मी ऐकणार नाही, शाकीबच्या तोंडचं कुठलंच उत्तर ऐकणार नाही. मला तोंडावर सांग की, नीलम, मला तुझ्यासोबत यायचं नाही. तेवढं सांगितलंस तर जिथे म्हणशील तिथे सही करते आणि पुन्हा हा विषय काढत नाही. आणि ते तुझ्याने म्हणवलं नाही, तर काही म्हणूच नकोस, नुसत्या चपला घाल.

तुझीच भांडकुदळ,
नीलम