कॉम्प्युटरात अडकलेली खुर्ची

मिरज, मंगळवार

तीर्थरूप विनोदिनीताईस,

धाकट्या सुमंतचा वाकून नमस्कार. साताऱ्याच्या थंडीत तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि भावोजी रोज फिरायला जाऊन (मुख्य म्हणजे रस्ता न चुकता) परत येत असतील, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. मी तेवढा नाही.

दवाखान्यांच्या बोळातलं आपलं दुकान तू पाहिलंच आहेस. पेशंटांना कॉट, वॉकर, व्हीलचेअर भाड्यानं द्यायचं, एवढं साधं काम. त्यात तुझ्या लाडक्या भावजयीनं, अश्लेषानं, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणलं, आणि नोंदीशिवाय काठीसुद्धा उंबरा ओलांडणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेऊन ती माहेरी गेली. सॉफ्टवेअरला पासवर्ड लागतोच, आणि तोही दर महिन्याला नवा. आईचं नाव दिलं, तर म्हणे ‘कमकुवत’! (आईला! ती ऐकायला नाही हेच बरं.) कंपनीला फोन करून विचारलं, पासवर्डच नको असेल तर? तिथला मुलगा म्हणाला, “तसं चालत नाही सर, सुरक्षेसाठी आहे.” म्हटलं, माझ्यापासूनपण? “हो सर, तुमच्यापासूनपण.”

गुरुवारी सॉफ्टवेअरनं ते खरं करून दाखवलं. नवा पासवर्ड मी विसरलो, चुकीचे टाकत गेलो आणि खातं बंद पडलं. नेमका तेव्हाच जतकडचा धुळा नावाचा मेंढपाळ आला. त्याच्या आईला दवाखान्यातून सोडलं होतं, पाय प्लास्टरमध्ये, घरी न्यायला व्हीलचेअर हवी होती. म्हटलं, जरा थांबा. तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “आवं मालक, खुर्ची तर हितंच दिसती की.”

“दिसते हो,” मी म्हणालो, “पण ती कॉम्प्युटरात अडकलीय.”

ताई, हे वाक्य मी शुद्धीत बोललो. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या. गाडी जाईल,” म्हणाला आणि गेला. कंपनीनं खातं उघडून दिल्यावर मी खुर्ची ढकलत स्टँडवर धावलो (बोळातली कुत्री सोबतीला होतीच). तिथल्या बायका सांगत होत्या, त्यानं आईला पाठुंगळी घेऊन आणलं. जतची गाडी हलली होती. खिडकीतून म्हातारीनं मला धापा टाकताना पाहिलं आणि ओरडली, “लय दमलास रं लेकरा, पानी पी!”

रिकामी खुर्ची ढकलत मी दुकानात परत आलो.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सुमंत

ता. क. अश्लेषाला फोनवर म्हटलं, नोंद नव्हती म्हणून दिली नाही. ती म्हणाली, “मग कागदावर लिहून द्यायची ना!” हे कुणालाच आधी सुचलं नाही. म्हणजे मला.

ता. क. २. तुझे जावई जत तालुक्यात शाळेवर आहेत. धुळाचं घर ते शोधतील का? खुर्ची मी घेऊन जातो, भाडं नको. गाव विचारायचं राहिलं, कारण गावाचा रकाना पासवर्डच्या पुढे होता.