इंजिनाचं तोंड कुठल्या दिशेला?

नेरूळ, मंगळवार

तीर्थरूप शहाजीमामांस सुधीरचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता, म्हणून मुद्दाम पत्र.

ईश्वरीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. पोरीची एकच मागणी, हॉलवर जायचं ते आजोबांच्या फियाटमधून. (दागिन्यांवरून एक शब्द काढला नाही, म्हणून मीही हो म्हणालो.) पण गाडी धूर ओकत होती, आणि इथला मेकॅनिक बोनेटही न उघडता म्हणाला, काका, भंगारात द्या. मामा, ज्या गाडीवर तुम्ही मला क्लच शिकवलात ती भंगारात? माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, मला चार बोल्ट जड आहेत का? चेनपुली आणि इंजिन बसवायचा चाकांचा स्टँड आणला, मार्केटातला पोपट हमाल (मूळचा कोरेगावचा, तुमचं गॅरेज ओळखतो) हाताशी घेतला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन बाहेर काढलं. सगळं नियमाने. इंजिन साखळीवर असतानाच मागचं फ्लायव्हील उतरवलं, स्टँडचे चारही हात ब्लॉकला आवळले, त्या हातांमागची नळी, जिच्यावर इंजिन गोल फिरतं, ती स्टँडमध्ये सरकवली, इंजिन फिरू नये म्हणून पिन घातली, आणि चाकं जमिनीला नीट टेकेपर्यंत साखळी सैल केली नाही. पोपटच्या डोक्यावर हेल्मेटसुद्धा होतं. (क्रिकेटचं, पण हेल्मेट.)

इथे विषय संपायला हवा होता. पण सौ. चारुलता हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली आली. लग्नघर आहे, पूजेशिवाय कामाला हात लावायचा नाही. बरं, लावू नका. तर म्हणे इंजिनाचं तोंड दक्षिणेला आहे, ते पूर्वेला हवं. आता इंजिनाचं तोंड कुठलं, यावर पाऊण तास सभा भरली. (पाण्याच्या प्रश्नावर यातलं निम्मं पब्लिक फिरकत नाही.) मी म्हणालो, पंखा असतो ते तोंड. दुसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राताईंनी सायलेन्सरची बाजू दाखवली. त्यावर पोपट म्हणाला, "त्यातनं तर धूर निघतोय, त्ये तोंड कसं म्हनायचं सायेब?" शेवटी आमचे सेक्रेटरी चंद्रशेखर, ज्यांनी जन्मात लिफ्टशिवाय काही चालवलं नाही, त्यांनी निकाल दिला की जिथून पेट्रोल पितं ते तोंड, म्हणजे कार्ब्युरेटर. हे सगळ्यांना पटलं! स्टँडला चाकं आहेत, अख्खा स्टँड वळवला असता, पण मध्ये या चंद्रशेखरांच्या मिसेसची स्कूटर, आणि ती हलवायची नाही, का तर जागा त्यांची. मग कार्ब्युरेटर पूर्वेकडे झुकेल इतकं इंजिनच जरा कलतं करावं असं ठरलं. पिन निघाली. इंजिनाने कोलांटी मारली आणि साडेतीन लिटर काळं ऑईल पूजेच्या ताटावर, स्कूटरवर आणि चंद्रशेखरांच्या पांढऱ्या लेंग्यावर.

आणि नोटीस कुणाला? मला. रविवारपर्यंत इंजिन हलवा, नाहीतर भंगारवाल्याला देऊ. स्कूटर एक फूट सरकवली असती तर ही वेळ आली असती का, तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार.

आपला,
सुधीर

ता.क. वर "पिन निघाली" असं लिहिलंय. ती मी काढली. "सरका, तीस वर्षांचा अनुभव आहे" असंही म्हणालो होतो.

ता.क. २. आधी ऑईल काढ आणि इंजिनाचं वजन नळीच्या रेषेत ठेव, असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. मी चारही बोल्ट खालच्या भोकांत लावले, कारण वरच्यांना आखूड पडत होते, आणि सगळं वजन नळीच्या वर राहिलं. इंजिनाचं वरचं झाकण कौतुकाने उघडून दाखवत होतो, तेही मीच.

ता.क. ३. इंजिन अजून उलटंच आहे, पोपटने दोराने खांबाला बांधलंय. ईश्वरीने फरशी पुसली आणि म्हणाली, "बाबा, रिक्षाने जाऊ. चालेल." तिचं ते चालेल मला सहन होत नाही, मामा. शनिवारी तिच्या केळवणाला या. पाने आणि लांब बोल्ट घेऊन या. कोणी विचारलं तर गुडघा दाखवायला आलोय म्हणा. पूजा अजून राहिलीच आहे, तेव्हा तोंड कुठलं तेही सांगा. तुमचं सगळे ऐकतील. या वेळी मीसुद्धा.