चिमणी गोलमध्ये उभी आहे

सूनबाई,

चिमणी घरात नाही म्हणून घाबरू नकोस. ती फुटबॉलचा अंतिम सामना खेळायला गेली आहे आणि मीही मैदानावर निघालो आहे.

तू कामावर गेलीस आणि तिची पाळी आली. "पांढऱ्या चड्डीत गोलमध्ये उड्या मारू? आई म्हणतेच, या दिवसांत घरी बसावं," असं म्हणून दार लावून बसली. मी वाद घातला नाही. तुझ्या कपाटातल्या प्रत्येक प्रकारचा एकेक पॅड खुर्च्यांवर मांडला, बिटाचं पाणी ओतलं आणि एकेकावर स्वतः बसलो. ती दार उघडून बघायला आली आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली. जाडजूड पॅड कडेने गळला, पंखांचा पातळ मात्र टिकला. मग तसाच एक नवा लावून तिने तुमच्या पलंगावर सूर मारून पाहिले. "आजोबा, हा हलतच नाही!"

या वेळी पाळी लवकर का आली, हेही तिने विचारलं. सुरुवातीची काही वर्षं तारखा मागेपुढे होतातच, हे मी समजावलं. "म्हणजे माझं काही बिघडलेलं नाही!" म्हणाली आणि बूट चढवले.

बादलीत माझा पायजमा भिजतोय, त्यावरचा डाग बिटाचा आहे. तू तशीच मैदानावर ये. तिच्या चड्डीवर बघ, फक्त माती असेल.

– बाबा