यंत्रमानवाचे गुडघे

गोजर,

लोणारले जाऊन राह्यलो. टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या यंत्रमानवाचा तिथं खरी माणसं घेऊन सिनेमा काढून राह्यले ना, त्या लोकायचा निरोप आला. मी केलेला पत्र्याचा पोशाख घालून नटाले बसताच येईना. चित्रातला गडी कधी बसलाच नाही, अन् मी चित्र पाहूनच पत्रा कापला. गुडघ्यात जोड ठेवा, असं तू म्हणत होती. मीच तुह्यावर खेकसलो.

आता तो बसंन बी अन् पळंन बी, पाहाय तू. बिजागऱ्या तुह्या पेटीच्या काढल्या. माहेरी न्यायले भरलेली लुगडी खाटेवर ठेवली, घडी मोडली नाही. परवा येतो अन् पेटी नीट करून देतो.

तवरी झाकणाबिगर पेटी एसटीत कशी नेशीन?

उत्तम