ओल्या दोरीचा मैल

४ जानेवारी, रविवार
पुण्याच्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबवाल्यांचा फोन. १८ला कुणकेश्वरला येतायत. बाबांचा विक्रम (वय २४, ओली वाळू, पाचशे सीसी, मैल ४२ सेकंदांत) त्यांच्या पुस्तकात पहिल्या नंबरावर घालणार. दुसरा कोल्हापूरचा कोणीतरी, ४३. फक्त अंतर बरोबर होतं असं मोजणीदाराच्या सहीचं पत्र हवं. मोजणीदार घरातच, मी! बाबा एक्याऐंशीचे, आई गेल्यापासून धड बोलत नव्हते. आज जुन्या गाडीवरचं गोणपाट काढून दिवसभर तिची टाकी पुसत बसले.

७ जाने., बुध.
मोजणी ऑफिसातून येताना बाबांच्या जुन्या मित्राकडे, भिकाजीकाकांकडे. तेव्हा वाळूवर मैल त्यांनीच आखला होता, रापणीच्या, म्हणजे मासे ओढायच्या जाळ्याच्या दोरीने. सहज विचारलं, कसा मोजलात? हसत म्हणाले, "आदल्या दिसा अंगणात शंभर फूट धरून दोरयेक गाठ मारली गो. सकाळी तीच दोरी रापणीक गेली. मगे दुपारी ओलीच हाडली नि मैल घातलो."
तागाची दोरी. भिजली की आखडते, काकांना जन्मापासून माहीत. पण "गाडी बगूक सगळो गाव लोटलेलो," त्यात कोणाच्या डोक्यात यायला! चहा गोड लागेना.

१० जाने., शनि.
सुट्टी. सुरुवातीचा काळा कातळ ते शेवटचा खाडीकडचा दगड, खुणा अजून आहेत. मशीनने मोजलं. मैल म्हणजे १६०९ मीटर. भरले १५२१. पुन्हा मोजलं, तेच. त्या वेगाने पुऱ्या मैलाला चव्वेचाळीसच्या वर. म्हणजे कोल्हापूरवाला पहिला.
लोकांच्या बांधाची वीत मी सोडत नाही, भाऊबंद शिव्या घालतात. आणि इथे अठ्ठ्याऐंशी मीटर... बाबांचे. करू का सही? कोण मोजायला येणार? पण मी तर मोजलं ना.

१३ जाने., मंगळ.
सांगून टाकलं. ठरवलंही नव्हतं, पेज वाढताना तोंडातून गेलं. "तुझ्या मशीनीत खोट आसतली," एवढंच म्हणाले.

१४, संक्रांत
तिळगूळ हातात घेतला, तसाच ठेवला. गाडीकडे फिरकले नाहीत. खरं बोलून कोणाचं भलं केलं मी? माझाच राग येतो.

१६, शुक्र.
सकाळी गाडीचा आवाज. बाबा अंगणात, एकदम खुशीत. "रविवारी सांजेक साडेपाचाक सुकती आसा, पाणी मागे. तू पुरो मैल मोजून ठेव. मी चालवतलंय."
म्हटलं, पुढचा ब्रेक लागत नाही, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
"सरळच जावचा आसा मां?"
हसू आलं, रडूही.

१७, शनि.
भिकाजीकाका समजूत घालायला आले आणि स्वतःच घड्याळ धरायला तयार होऊन गेले. धन्य!
आत्ता सही केली तर? विक्रम राहील, गाडीवर बसायचं कारण उरणार नाही. पण त्यांना आता सही नकोच आहे. विचारलं, हरलात तर? "हरलंय तर हरलंय. मैल पुरो व्हयो."
सुरुवात मागे न्यावी तर कातळामागे जागा नाही. दगडापुढचे अठ्ठ्याऐंशी मीटर म्हणजे खाडीच्या तोंडची भुसभुशीत वाळू. तिथे चाक रुतलं तर...

१८, रवि., दुपार
क्लबवाले आले. पत्र संध्याकाळी देते म्हटलं. बाबा दोन घास जास्तच जेवले. मी मैल संपल्याचा झेंडा घेऊन निघालेय. पुऱ्या मैलापर्यंत पुढे न्यायचा की जुन्या दगडापाशीच रोवायचा, कळत नाही. भीती वाटतेय.
बाबा पायरीपर्यंत आले. "ह्या खेपेक चूक नको हां."
मी हो म्हणून मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे.