बॅकअपचं पाकीट

अहो,

माझी पासवर्डची वही तुम्ही फाडलीत आणि सगळं पासवर्ड मॅनेजरमध्ये भरलंत. त्याचा मुख्य पासवर्ड तुमच्याबरोबरच गेला. कपाटात ‘बॅकअप’ लिहिलेलं पाकीट सापडलं. आत चिठ्ठी होती: ‘मुख्य पासवर्ड मॅनेजरमध्ये लिहून ठेवला आहे.’ तुम्ही गेल्यापासून मी तेवढी एकदाच हसले.

मग कळलं, अडीअडचणीला तो मॅनेजर उघडायचा अधिकार तुम्ही एकाच माणसाला दिलाय. वन्संना. सत्तावीस वर्षं तुमच्या गोळ्यांच्या वेळा मी लक्षात ठेवल्या.

लेकीचे लहानपणचे फोटो मिळावेत म्हणून काल त्यांना बोलावलं. तुमच्या खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायच्या आधी त्या म्हणाल्या, “वहिनी, जरा पाठ फिरवा. दादाने बजावलं होतं, कुणाला दाखवायचं नाही.”

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तुमच्या घरातली,
कुणीतरी