सातवी कुंडी

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. खिडक्यांचे गज एकदाचे रंगवून झाले. रंगाऱ्याने चार दिवस सांगून अकरा घेतले, आणि शेवटी ब्रश इथेच विसरून गेला. तुझं जानेवारीतलं कार्ड मिळालं. ‘पत्ता बदलला, तब्येत बरी.’ चार शब्द, त्यातले दोन पत्त्याचे. आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. जणू तिसऱ्यांदा वाचलं की पाचवा शब्द निघेल.

माझ्या नोकरीबद्दल तू कधी विचारत नाहीस, म्हणून मी लिहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. आज लिहिते. विद्यापीठाच्या हॉस्पिटलसाठी मी देणग्या गोळा करते हे तुला ठाऊक आहे. कुठल्या विभागासाठी, ते ठाऊक नसेल. पहिली तीन वर्षं हृदयविभाग होता. गेली सहा वर्षं मानसोपचार विभाग. हो, तोच. जुना वॉर्ड पाडून नवी इमारत उभी राहतेय आणि त्या मोहिमेची मी प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे मी, दोन सहकारी आणि एक कपाट, ज्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.

हृदयाच्या वेळी देणगीदारांची भांडणं सोडवताना नाकी नऊ यायचे. त्यांचं नाव माझ्या वर का, त्यांची अक्षरं माझ्यापेक्षा जाड का. एक गृहस्थ तर फुटपट्टी घेऊन आले होते. इकडे सगळं उलटं. घरी बोलावतात, चहा देतात, मग उठून दार लोटून घेतात आणि हळूच म्हणतात, “देतो हो, पण नाव नको. लोक म्हणतील, यांच्याकडे कोण आहे?” आमच्या भिंतीवर अकरा पाट्या आहेत आणि अकराही पाट्यांवर ‘एक हितचिंतक’ असं लिहिलंय. पाट्या बसवणाऱ्याने मला विचारलं, “ताई, हे सगळे एकाच घरातले का?” मी हसले. त्यातली चौथी पाटी माझी आहे. दर महिन्याला पगारातून थोडं कापून घेते. हे ऑफिसात कोणालाच माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. देणगीदारांपुढे मी चौथ्या मिनिटाला मुद्द्यावर येते, तुझ्यापुढे बघ किती वेळ लागला.

आमची आवाहनाची एक पुस्तिका आहे. मुखपृष्ठावर जुन्या वॉर्डातला फोटो. एक माणूस पाठमोरा उभा राहून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतोय. खांदे आत ओढलेले, मान खाली. त्याखाली ओळ आहे, ‘काळजी घेतली की पुन्हा पालवी फुटते.’ ओळ माझी. फोटो मला जुन्या खोक्यात सापडला होता. चेहरा दिसत नाही, तेव्हा कोणाला विचारायची गरज नाही, असं ऑफिसने सांगितलं आणि मी मान डोलावली. दादा, त्या माणसाची उजवी टाच चपलेच्या बाहेर आहे. त्यावरून आई तुला किती ओरडायची! मी पहिल्या नजरेत ओळखलं होतं. सहा वर्षं मी तुझी पाठ दाखवून लोकांकडे मागतेय.

मागच्या आठवड्यात मी आणि आमच्या विभागप्रमुख डॉक्टरबाई बटणवाल्या आजींकडे गेलो. आजींचा बटणांचा कारखाना आहे. वय ब्याऐंशी, तरी रोज सकाळी तपासणीच्या टेबलावर बसतात. आम्हालाही तिथेच बसवलं, पांढऱ्या बटणांच्या ढिगासमोर. मी बोलत होते आणि आजी पुस्तिका डोळ्यांजवळ धरून बघत होत्या.

“याच्या बाहीला बटण नाही,” त्या म्हणाल्या.

“हो का?”

“हो का काय! बाही लोंबतेय बघ. सहा वर्षं छापताय म्हणालीस ना? पुढे लावून दिलं का कोणी?”

डॉक्टरबाई हसल्या. आजी हसल्या नाहीत. “आणि हा आता कसा आहे गं?”

दादा, हजारो लोकांनी ती पुस्तिका चाळली असेल. हे कोणीच विचारलं नव्हतं. खाटा किती, रुग्ण किती, डॉक्टर किती कमी पडतात, सगळं मला तोंडपाठ असतं. मी म्हटलं, “माहीत नाही, आजी.” आणि पाठोपाठ तोंडून निघून गेलं, “माझा भाऊ आहे तो.”

हे वाक्य उच्चारलं की आभाळ कोसळेल, असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. आजींनी बटणांचा ट्रे बाजूला सरकवला, एवढंच झालं. म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण मागच्या खोलीत असायची. पाहुणे आले की बाहेरून कडी मी लावायचे.” मग आम्ही दोघी रडलो. रोज माणसांना रडताना बघणाऱ्या डॉक्टरबाई पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या आणि त्यांना काही तो सापडला नाही. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, “सहा वर्षं माझ्या शेजारी बसून लोकांना सांगतेस, लपवू नका म्हणून. धन्य आहेस बाई!” मला इतकं हलकं वाटत होतं की मी घरापर्यंत हसत आले. आईला वाटलं बढती मिळाली.

आजींनी देणगी दिली. पाटीवर बहिणीचं पूर्ण नाव, ठळक. भिंतीवरचं पहिलं नाव. अट कसलीच घातली नाही, पण दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, “सगळ्या जगाकडे मागतेस. त्याच्याकडे मागितलंस का?” काल त्यांची रक्कम जमा झाल्याचं कळलं, त्यानंतरच मी हे पत्र लिहायला घेतलं. देणगीसाठी लिहितेय असं तुला वाटायला नको. मलाही वाटायला नको.

फक्त फोटोचं विचारायचं, असं ठरवून बसले होते. पण फोटोच्या आधी ती गाडी येते.

तू नऊ दिवस झोपला नव्हतास. भिंतीत यंत्र आहे म्हणून नखांनी भिंत खरवडत होतास. बाबांचे हात इतके थरथरत होते की त्यांना गाडी चालवता येईना, म्हणून ते मागे बसले आणि गाडी मी घेतली. मी तुला म्हटलं, चल, दाढ दुखतेय ना तुझी, दंतवैद्याला दाखवू. खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. मी चोवीस वर्षांची होते, घाबरले होते, हे सगळं खरं. पण पुढे तू त्या वॉर्डात सत्तेचाळीस दिवस होतास आणि मी एकदाही भेटायला आले नाही. त्याला घाबरणं हे कारण पुरत नाही. दोनदा फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. मग तू घरी आलास, दोन वर्षं अगदी सभ्यपणे ‘मीठ दे’, ‘दिवा घालव’ एवढंच बोललास, आणि निघून गेलास.

मागणं हा माझा धंदा आहे, तरी तुझ्याकडे माफी मागायला मला पंधरा वर्षं लागली. आज मागते. मला माफ कर, दादा. पुस्तिकेवरून फोटो काढून टाकायचा असेल तर एक ओळ टाक, नवी पुस्तिका मी छपाईला दिलेली नाही. रागवायचं असेल तर हवं तेवढं रागव. पण कसा आहेस ते लिही. चार शब्दांत नको.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चौथी हितचिंतक


२१ मार्च

प्रिय बडबडे,

पत्र पोचलं. एवढं जाड पाकीट बघून मला वाटलं घरमालकाची नोटीस आली.

कामाचं आधी. फोटो राहू दे. मी तो चार वर्षांपूर्वीच बघितलाय. इथल्या दवाखान्यात मी दर महिन्याला गोळ्या आणायला जातो, तिथे तुमची पुस्तिका फळ्यावर टाचलेली आहे. कंपाउंडर एकदा मला म्हणाला, “बिचारा! नुसत्या पाठीवरून कळतं हो, काय दुःख असेल ते.” मी म्हटलं, “हो ना.”

बडबडे, मी हसत होतो.

वॉर्डात सात कुंड्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी पाणी घालायचं काम मला दिलं होतं. सहा झाडं खरी आणि सातवं प्लॅस्टिकचं, कोणीतरी भेट दिलेलं. पहिल्या दिवशी मी चुकून त्यालाही पाणी घातलं. सिस्टर लांबून ओरडल्या, “अहो, ते प्लॅस्टिकचं आहे!” दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम घालायला लागलो आणि त्या रोज ओरडायला लागल्या. त्या वेळेला सगळा वॉर्ड दाराशी येऊन उभा राहायचा. एक दिवस फोटोवाला आला, मला म्हणाला, जरा गंभीर राहा. मी सरळ सातव्या कुंडीपाशी गेलो. सिस्टर त्याच्या मागे उभ्या होत्या. पाहुण्यासमोर ओरडता येईना, म्हणून नुसत्या घशातून आवाज काढत होत्या. हसू दाबायला मी खांदे आत घेतले. कित्येक महिन्यांनी आलेलं पहिलं हसू होतं ते.

तेवढी पालवीची ओळ मात्र बदल. त्या कुंडीला पालवी फुटली असेल तर मला तार कर.

आजींना सांग, बटण लावलं. मीच लावलं, सिस्टरांच्या समोर बसून, कारण सुई एकट्याच्या हातात देत नसत.

आता दाढ. दंतवैद्याकडे जायला दुसऱ्या सिग्नलला डावीकडे वळावं लागायचं. तू उजवा दिवा लावलास. मला तेव्हाच कळलं. गाडी उभी होती, माझ्या बाजूच्या दाराला कुलूप नव्हतं. मी उतरलो नाही. नऊ दिवस मी एकटा त्या भिंतीशी झगडत होतो आणि कोणीतरी मला तिथून उचलून कुठेतरी नेत होतं. तू मला फसवून नेलंस, हे अर्धंच खरं आहे. मी आलो. हे तुला त्याच वर्षी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण राग दुसऱ्याच गोष्टीचा होता आणि तुला तो चुकीच्या जागी शोधू द्यावा असं मला वाटलं. तेवढा दुष्टपणा माझा.

भेटीची वेळ चार ते सहा असायची. मी रोज साडेतीनला शर्ट बदलून बसायचो. आई यायची, बाबा यायचे. मी दाराकडे बघत राहायचो. तो राग अजून थोडा आहे, खोटं कशाला लिहू. पण तू फाटकापर्यंत आली होतीस, दोनदा, हे मला माहीत नव्हतं. ते वाचलं आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मी वजनकाटे दुरुस्त करतो. हात हलत असताना ते काम होत नाही.

कसा आहे म्हणतेस. गोळ्या चालू आहेत. इथे आल्यावर तिसरं वर्ष वाईट गेलं, तेव्हा पंधरा दिवस भरती होतो. त्या खेपेला रिक्षा करून स्वतः गेलो आणि रिक्षावाल्याला खरा पत्ता सांगितला. झोप लागते. वरच्या मजल्यावरचं मांजर काट्यावर येऊन बसतं, त्यामुळे त्याचं वजन मला रोजच्या रोज माहीत असतं. एकूण बरा आहे. बराच बरा.

एक काम आहे. माझी खालची दाढ खरंच दुखतेय, तीन आठवडे झाले. हसू नकोस. इथला दंतवैद्य चांगला आहे म्हणतात, पण एकट्याने जायची मला भीती वाटते. एकोणतीस तारखेला, शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. गाडी घेऊन ये. आईला पुढे बसव, तिच्या गुडघ्याला जागा लागेल.

मी दहालाच शर्ट बदलून बसेन.

तुझा,
दादा